सीएसआयआर नेट (लाइफ सायन्सेस) : ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, दाखले आणि डीएनए प्रतिकृतीचा अभ्यास

पेशी विभागण्याआधी आपला सगळा डीएनए एकदाच, आणि फक्त एकदाच, उतरवून कसा घेते? या प्रश्नावर काम करायची इच्छा असेल, तर आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे. तिथे कर्करोगाच्या पेशींवर मूलभूत संशोधन चालतं आणि पीएचडी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची मिळते. तिथे जायचं असो वा दुसऱ्या प्रयोगशाळेत, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी शिष्यवृत्ती) हाती असली की वाट सोपी होते. त्यासाठी एनटीए (नॅशनल टेस्टिंग एजन्सी) वर्षातून दोनदा सीएसआयआर-यूजीसी नेट ही पात्रता परीक्षा घेते.

एमएस्सीला खुल्या आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटाला 55 टक्के लागतात. एससी, एसटी, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना 50. 54.9 चे 55 धरले जात नाहीत. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज भरता येतो. जेआरएफसाठी वयोमर्यादा 30 वर्षं आहे. एससी, एसटी, दिव्यांग, तृतीयपंथी आणि सर्व महिलांना 5 वर्षांची सूट मिळते (ओबीसींनी आपली सूट जाहिरातीत पाहावी), पण महिला म्हणून मिळणारी सूट वयात आहे, गुणांत नाही.

फॉर्मसाठी फोटो आणि सही स्कॅन करणं पाच मिनिटांचं काम. मुलं अडकतात ती दाखल्यांत. ही केंद्राची परीक्षा असल्याने ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा आणि जात केंद्रीय यादीत असावी लागते. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) दाखला इथे चालत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो. आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्यांनी नीट पाहावी : वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे तालुक्यात येतात, खारघर, कामोठे मात्र रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात. पत्ता सगळीकडे ‘नवी मुंबई’ असला तरी तहसील वेगळं. जाहिरात येण्याआधीच दाखल्याला लागा, कारण अर्जाची मुदत तुमच्या दाखल्यासाठी थांबत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि आधारवरचं नावही जुळवून घ्या.

परीक्षा तीन तासांची, 200 गुणांची. पार्ट एमध्ये 20 पैकी 15, बीमध्ये 50 पैकी 35 आणि सीमध्ये 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे 25 टक्के गुण कापतात. सीचा प्रत्येक प्रश्न 4 गुणांचा, आणि तिथे नुसतं पाठांतर पुरत नाही.

डीएनए प्रतिकृती अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या घटकात आहे. बहुतेक जण डीएनएची नवी साखळी जोडणाऱ्या पॉलिमरेजपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात त्याच्या बरीच आधी करायला हवी. पेशीचक्राच्या जी1 टप्प्यात, म्हणजे डीएनए उतरवायला लागण्याआधी, ओआरसी हे सहा प्रथिनांचं संकुल डीएनएवर बसतं. बेकरीच्या यीस्टमध्ये ते डीएनएचा ठरावीक क्रम ओळखतं, माणसात असा ठरलेला क्रम नाही. सीडीसी6 आणि सीडीटी1 ही प्रथिनं येऊन मिळाली की एमसीएम2 ते 7 या प्रथिनांच्या दोन कड्या समोरासमोर जोडून डीएनएभोवती बसवल्या जातात. तरी त्या अजून निष्क्रियच असतात. एस टप्प्यात, म्हणजे डीएनए उतरवला जातो तेव्हा, सीडीके आणि डीडीके ही किनेजेस (प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी विकरं) कामाला लागल्यावर ट्रेस्लिन, एमटीबीपी, टॉपबीपी1 आणि डोन्सन या प्रथिनांच्या मदतीने सीडीसी45 आणि जिन्स त्या कड्यांना जोडले जातात, आणि मग कुठे डीएनए उलगडणारं हेलिकेज तयार होतं. डोन्सनचं हे काम 2023 मध्ये स्पष्ट झालं, त्यामुळे जुन्या नोट्समध्ये ते सापडणार नाही. इकडे जेमिनिन हे प्रथिन सीडीटी1ला अडवून धरतं, म्हणून त्याच चक्रात नव्या कड्या बसत नाहीत. जेमिनिन काढलं तर काय होईल, ओआरसी1 किंवा सीडीटी1मधल्या दोषाने मायर-गॉर्लिन सिंड्रोममध्ये वाढ का खुंटते, असे प्रश्न स्वतःला विचारत अभ्यास करा. मुलाखतीतही याच तयारीचा उपयोग होतो.

ॲक्ट्रेकची प्रवेश-जाहिरात स्वतंत्र निघते, त्यातली गुणांची अट वेगळी वाचावी. मुलाखतीला दहावीपासूनच्या मूळ गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, नेटचा निकाल आणि जातीचा दाखला न्यावा. जेआरएफला पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये मिळतात, एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) झाल्यावर 42,000. घरभाडे भत्ता नियमाप्रमाणे वेगळा.