टँकर उलटला की पाइप आधी नको

‘ॲसिडचा टँकर उलटला, पाण्याचा मारा करून रस्ता मोकळा केला’ अशी बातमी वाचली की मला पडणारा प्रश्न एकच: ॲसिड गेलं कुठे? बहुधा शेजारच्या ओढ्यात.

गळती आवरणारं प्रशिक्षित पथक लांबूनच आधी टँकरवरचा फलक वाचतं. त्यावर आतल्या रसायनाचा चार आकडी क्रमांक असतो: १८३० म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया. (आपल्याकडे पुढची लिंबू-मिरची ताजी आणि हा फलक धुळीने माखलेला! अपघातात कामाला येतो तो फलकच.) मग वारा पाठीशी घेऊन कोरड्या माती-वाळूचा बांध. लाकडाचा भुसा नाही, तो ॲसिडने काळा पडून तापतो. किनाऱ्यावरची वाळूही नको, तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने ती फसफसते.

अंगावर ॲसिड उडालं तर भरपूर पाणी हवंच. पण साचलेल्या तीव्र ॲसिडवर थोडं पाणी पडलं की ते हलकं असल्याने वरच राहतं, मिसळताना सुटणाऱ्या उष्णतेने उकळतं आणि ॲसिडसकट उडतं.

म्हणून ॲसिड जागीच मारायचं, म्हणजे त्याची आम्लता घालवायची. ९८ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिडला १०६ ग्रॅम सोडा ॲश (सोडियम कार्बोनेटची पूड) लागते आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे किलोभर ॲसिडमागे सुमारे अडीचशे लिटर वायू! एकदम पोतं ओतलं तर फेस बांधाबाहेर. त्यामुळे कडेकडून आत, फावड्याफावड्याने.

खरी गंमत चुनखडीची. ती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; सोडा ॲशसारखीच ॲसिड मारते, स्वस्त, सहज मिळणारी. पण ॲसिड लागताच खड्यावर कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, तयार होतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही. साखरफुटाण्यासारखा त्याचा थर खड्याभोवती बसतो, आतला कार्बोनेट कोरा राहतो आणि ॲसिडही शिल्लक राहतं. फसफस थांबली म्हणून काम संपलं असं समजणारा फसतो. खडा जितका मोठा, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी आणि वाया जाणारा गाभा जास्त. म्हणून खडी नको, बारीक पूड हवी, आणि तीही ढवळत राहायची.

शेवटी पीएच पट्टी, म्हणजे आम्लता दाखवणारा कागद (सात म्हणजे ना आम्ल, ना अल्क). वरच्या पाण्यात एकदा बुडवून भागत नाही. गाळ उकरून, ढवळून, थोड्या वेळाने पुन्हा. पट्टी सहा ते आठच्या दरम्यान स्थिरावली की गाळ आणि खालची भिजलेली माती खरवडून प्लॅस्टिकच्या पिंपांत भरतात आणि तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणच्या घातक कचरा प्रकल्पाकडे पाठवतात.