गुरामी (घरगुती जलजीवालयातील संगोपन)

गुरामी : दक्षिण व आग्नेय आशियातील गोड्या पाण्यातले, वातावरणातील हवा घेऊ शकणारे मासे. बोलण्यात 'गोरामी' असाही उच्चार होतो. बहुतेक जातींचे कुल ऑस्फ्रोनेमिडी. नाव जावानीज 'गुरामे'वरून आले असावे. ते मुळात राक्षसी गुरामीचे. खाण्यासाठी पाळला जाणारा हा मासा सुमारे 70 सेंमी.पर्यंत वाढतो, म्हणून घरच्या टाकीसाठी त्याचा विचारच नको.

नावांचा घोळ मोठा आहे आणि तो केवळ पोथीतला नाही. स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन करताना लालियस, चुना, कोलिसा अशी नावे दिली. ती स्थानिक बोलीतून घेतलेली दिसतात. कोलिसामागे बंगालीतले 'खोलिशा' असावे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी 1831 मध्ये कोलिसा ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली. पुढे दीर्घकाळ छोट्या भारतीय जाती कोलिसात आणि आग्नेय आशियातल्या मोठ्या जाती ट्रायकोगॅस्टर या दुसऱ्या प्रजातीत गणल्या गेल्या. 2009 मध्ये टॉप्फर व शिंडलर या मत्स्य-अभ्यासकांच्या लेखनानंतर मोठ्या जाती ट्रायकोपोडस या प्रजातीत गेल्या आणि ट्रायकोगॅस्टर हे नाव भारतीय जातींकडे आले. हीच मांडणी आता रूढ असून येथेही तीच धरली आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकात 'ट्रायकोगॅस्टर' म्हणून दिलेले टाकीचे माप आजच्या ट्रायकोगॅस्टरचे नव्हे. बाजारी नावे त्याहून फसवी. 'ब्लू गोरामी' म्हणजे तीन ठिपक्यांची जात, 12 ते 15 सेंमी. वाढणारी आणि बहुधा तापट, 'पावडर ब्लू' हा मात्र बुटक्या गुरामीचा (ट्रायकोगॅस्टर, म्हणजे ट्रा. लालियस) रंगभेद, जेमतेम 6–7 सेंमी.चा. पहिल्याचे पिल्लू आणि दुसऱ्याचा पूर्ण वाढलेला मासा दुकानात एकाच मापाचे दिसतात. 'किसिंग गोरामी' तर या कुलातलाही नाही.

पहिल्या कल्ल्याच्या कमानीपासून बनलेले, घड्यांचे चक्रव्यूह-इंद्रिय डोक्यात असते. मासा वर येतो, बुडबुडा गिळतो, खाली जातो. म्हणून वीज गेली, हवेचा पंप थांबला तरी तो तग धरतो. याचा अर्थ पाणी बदलायला नको असा काढला जातो, तो चूक आहे. विष्ठेतून व कल्ल्यांतून येणारा अमोनिया हवा गिळून जात नाही.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. गुरामीला 24 ते 28 अंश मानवतात. कोमट पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. त्याचा त्रास गुरामीपेक्षा सोबतच्या, कल्ल्यांवरच विसंबणाऱ्या माशांना आधी होतो. कूलरच्या झोतात ठेवलेल्या टाकीचे पाणी बाष्पीभवनाने थोडे थंड होते, पण पातळी उतरते आणि क्षार मागे राहतात. नुसती भर घालून भागत नाही, थोडे पाणी काढावेही लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे. हिवाळ्यात रात्री पारा 10 अंशांखाली उतरतो तेव्हा हीटर लागतो. झाकणही लागते, कारण पृष्ठावरची गार हवा या इंद्रियाला अपायकारक मानली जाते.

सोबतीच्या बाबतीत नरांचे भांडण हा मुख्य प्रश्न. नराचा पृष्ठपर (पाठीवरचा पर) टोकदार असतो. तरंगत्या वनस्पतींच्या आडोशाने तो फेसाचे घरटे बांधतो आणि मग मादीलाही जवळ फिरकू देत नाही. छोट्या टाकीत एकच नर, दोन-तीन माद्या आणि भरपूर झाडोरा ठेवावा. फायटर (लढाऊ मासा) नको, टायगर बार्बही नको. गुरामीचे दोऱ्यासारखे लांब पोटपर, ज्यांनी तो समोरची वस्तू चाचपतो, बार्ब कुरतडतात. शांत टेट्रा व रासबोरा चालतात. नवख्याने मध गुरामी (ट्रा. चुना) घ्यावा, बुटक्यापेक्षा तो सोशिक.

बुटक्या गुरामीत इरिडोव्हायरस या विषाणूचा रोग आढळतो : रंग काळवंडतो, पोट फुगते, अंगावर व्रण पडतात. उपाय नाही. नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा व त्या टाकीची जाळीही वेगळीच असावी.