धातू-अधातूची ती नागमोडी रेषा आली कुठून

दहावीच्या पुस्तकातल्या आवर्तसारणीत, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यात, उजव्या बाजूला ती नागमोडी रेषा असते बघा, डावीकडे धातू, उजवीकडे अधातू आणि कडेकडेनं धातुसदृश, म्हणजे दोन्हींचे थोडेथोडे गुण असलेले. पोरं पाठ करतात, पेपर झाला की विसरतात. पण ही रेषा कुणी एका बैठकीत आखलेली नाहीये, त्यामागं बरीच जुनी भांडणं आहेत.

मूळ परीक्षा अगदी आपल्या नाशिकच्या भांडी बाजारातली. चकाकतं का, खणखणतं का, आणि मुख्य म्हणजे हातोडी मारली की पसरतं का फुटतं. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून कडक झाला की तांबट तो परत तापवतो, मऊ झाला की परत ठोक. युरोपातले जुने रसायनवालेही असंच ठरवायचे, म्हणून जस्त, बिस्मथ, अँटिमनी यांना ते चक्क 'अर्धधातू' म्हणायचे, कारण हातोडीखाली हे फुटतात. आता गंमत बघा, तेच जस्त 100-150 अंशाला तापवलं की मुकाट्यानं लाटलं जातं, आणि आपल्या पितळेत तांब्यासोबत तेच तर असतं! पारा तर पातळच, त्याला ठोकणार कसं? 1759 च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या ब्राऊन नावाच्या शास्त्रज्ञानं तो गोठवून ठोकला, आणि तो पसरला की.

1789 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिएनं 33 मूलद्रव्यांची यादी केली, त्यात 17 धातू, अधातू वेगळे. (यादीत प्रकाश आणि उष्णता पण होती, चालायचंच.) मग 1807 ला इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीनं विजेनं पोटॅशियम आणि सोडियम काढले आणि सगळा घोळ झाला. चकाकतात, वीज वाहून नेतात, पण सुरीनं कापले जातात आणि पाण्यावर तरंगतात. धातू म्हणजे जड, मग हे काय? काहींनी सुचवलं की यांना 'मेटलॉइड' म्हणजे धातूसारखे म्हणा. 1811 ला स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञानं तोच शब्द उचलून अधातूंना लावला, आणि मधल्या धातुसदृशांसाठी तो रुळला तो थेट विसाव्या शतकात. एका शब्दाचे असे हाल.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं 1869 ला 63 मूलद्रव्यं अणुभारानं मांडली, पण रेषा तिरकीच का, ते इलेक्ट्रॉन कळल्यावर उलगडलं. धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतात. खाली गेलं की बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल होत जातात, उजवीकडे गेलं की घट्ट, म्हणून सीमा बोरॉनपासून पायऱ्या उतरत जाते, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम यांना लागून.

टेल्युरियमच्या खालच्या पोलोनियमवरून मात्र पुस्तकांचं अजून जमत नाही, कुणी धातू म्हणतं कुणी धातुसदृश. आणि पेन्सिलीतलं ग्रॅफाइट, अधातू असून वीज वाहून नेतं!