रिटायर झाल्यावर सर्व्हिस वेपन ठेवता येतं का? माजी सैनिकांसाठी शस्त्र लायसन्सची माहिती

सरळ उत्तर आधी देतो, कारण या एका गैरसमजापायी लोकांचा खूप वेळ जातोय. भारतात सैन्यातून रिटायर होताना सर्व्हिस वेपन सोबत नेता येत नाही. जवान असो, जेसीओ असो की ऑफिसर, आणि एकाच बट नंबरची रायफल कितीही वर्षं सांभाळली असली तरी. ती सरकारची आहे, कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात जमा होते आणि विषय संपतो. पैसे भरून विकत घेतो म्हटलं तरी नाही, कारण इन्सास, एके, ९ एमएम पिस्तूल हे सगळं प्रोहिबिटेडमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या हत्यारांत येतं. स्वित्झर्लंडमध्ये सैनिकांना परमिट काढून रायफल ठेवता येते ते खरं आहे, पण तो त्यांचा कायदा झाला, व्हॉट्सॲपवर फिरणारे ते मेसेज इथल्या अर्जाला जोडून काही उपयोग नाही.

"मग आमच्या साहेबांकडे पिस्तूल कसं आलं?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. ते बहुतेक एनएसपी म्हणजे नॉन सर्व्हिस पॅटर्न हत्यार असतं. ऑर्डनन्स डेपोतून ऑफिसर लोकांना विकलं जायचं ते हेच, सर्व्हिसचं नव्हे, आणि त्यालाही लायसन्स लागतंच.

दुसरी गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या ट्रंकेत, पिट्ठूच्या (पाठीवरच्या पिशवीच्या) कप्प्यात आठवण म्हणून ठेवलेला किंवा चुकून राहिलेला एखादा जिवंत राउंड, म्हणजे काडतूस असेल तर आजच बघा. दारूगोळ्यालासुद्धा लायसन्स लागतं, आणि एअरपोर्टच्या स्कॅनरमध्ये तो दिसला की "मी माजी सैनिक आहे" एवढ्यावर कुणी सोडत नाही. सापडला तर गुपचूप विहिरीत टाकू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी देऊन जमा करा. हत्यारच लपवून आणलं असेल तर मामला फार गंभीर आहे, आर्मी ॲक्टच्या कलम ५४ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि प्रोहिबिटेड हत्यार बाळगल्याबद्दल आर्म्स ॲक्टमध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात, जास्तीत जास्त चौदा वर्षं.

आता स्वतःच्या हत्याराचं लायसन्स. शस्त्र लायसन्सच्या सरकारी एनडाल-एलिस पोर्टलवर फॉर्म ए-१ भरायचा, कागद जोडायचे, प्रिंट ऑफिसात द्यायची. पोलीस आयुक्तालयाची हद्द असेल तर आयुक्तांकडे, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांकडे. फोटो, आधार, पॅन, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, एस-३ फॉर्ममध्ये डॉक्टरचं सर्टिफिकेट. हे सगळं होतं, अडतं ते पुढच्या गोष्टींवर.

सगळ्यात जास्त अर्ज बाद होतात ते कारणाच्या रकान्यात. लोक लिहितात "माजी सैनिक असल्याने स्वसंरक्षणासाठी" आणि थांबतात. आर्म्स रूल्स २०१६ च्या नियम १२ मध्ये सैन्यात असलेल्या किंवा राहिलेल्या माणसाचा विचार करायला सांगितलंय हे बरोबर, पण त्याच वाक्यात स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या संरक्षणाची खरी गरज असावी हेही आहे, आणि ते अर्धं वाक्य कुणी वाचतच नाही. म्हणजे नोकरी पुरेशी नाही, गरज दाखवायची आहे. इथेच तो कागद लागतो जो कुणाकडे नसतो: धमकीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), जमिनीच्या वादातली तक्रार, चोरीची एफआयआर. आपले लोक धमकी आली तर भावकीत मिटवून टाकतात, ठाण्यात जात नाहीत, आणि दोन वर्षांनी पोलीस रिपोर्टमध्ये "अर्जदारास धोका असल्याची नोंद नाही" असं येतं. काही घडलं असेल तर त्याच वेळी नोंद करा, पोच घेऊन ठेवा. खोटी तक्रार मात्र बनवू नका, ती चौकशीत उघडी पडते आणि पुढचा प्रत्येक अर्ज अडतो.

हत्याराची निवडही बघून करा. सगळ्यांना .३२ रिव्हॉल्व्हरच हवं असतं, पण आर्म्स ॲक्टच्या कलम १३(३) मध्ये संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची स्मूथबोअर (आतून गुळगुळीत नळीची) बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, वेगळ्या पोटकलमात आहे, आणि बाकीच्या हत्यारांना अधिकाऱ्याला 'योग्य कारण' पटवून द्यावं लागतं. शेतावर राहणाऱ्या माणसाने रिव्हॉल्व्हरचा हट्ट धरून नकार घेण्यापेक्षा याचा विचार करावा.

नावाचा घोळ तर विचारू नका. डिस्चार्ज बुकात आडनाव नाही, आधारवर वडिलांचं नाव मधे, पीपीओवर स्पेलिंग तिसरंच, आणि यातल्या एकाही चुकीत त्या माणसाचा दोष नसतो, भरतीच्या वेळी क्लार्कने जे लिहिलं ते आयुष्यभर चिकटतं. अर्ज करायच्या आधी रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती मागवा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यात मदत करतं, आधी तिथे जा. पत्त्याचंही तेच, आधार गावचा आणि राहणं शहरात असेल तर दोन ठाण्यांमध्ये फाइल फिरत बसते, म्हणून आधी आधार नीट करा.

कुठे कुठे सात-बारा नाहीतर इन्कम टॅक्स रिटर्न नाही म्हणून फाइल परत करतात. त्याच ॲक्टचं कलम १४(२) स्पष्ट सांगतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने लायसन्स नाकारता येत नाही. ज्याने सीमेवर ड्यूटी केली त्याला टेबलापलीकडून "जमीन किती आहे" विचारायचं आणि परत पाठवायचं हे बरोबर नाही. भांडू नका, पण कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि इनवर्ड नंबर घ्या.

जम्मू-काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये एजंटमार्फत लायसन्स काढलेल्यांनी तर खास लक्ष द्या. तिथल्या बेकायदा लायसन्सचा तपास सीबीआयकडे गेला, २०१२ ते २०१६ मधली २.७८ लाख लायसन्स संशयाखाली आली, आणि त्यात सैनिकांच्या नावावरचीही आहेत. गनमनच्या नोकरीला लागायच्या आधी ते लायसन्स देणाऱ्या ऑफिसातून पडताळून घ्या, पैसे भरले होते म्हणजे ते खरं असं समजू नका.

मुदतीचा गोंधळ: साठ दिवसांत निर्णय हे खरं, पण ते पोलीस रिपोर्ट मिळाल्यापासून, अर्जाच्या तारखेपासून नव्हे. पोलिसांना रिपोर्टसाठी तीस दिवस आहेत. म्हणून दोन महिन्यांनी कलेक्टर ऑफिसात जाऊन ओरडण्यापेक्षा आधी ठाण्यात रिपोर्ट निघालाय का ते बघा, जावक क्रमांक आणा आणि तिथून मोजा.

नकार आला तर तोंडी ऐकून घरी येऊ नका. कारणं लेखी नोंदवणं बंधनकारक आहे आणि मागितली की द्यावी लागतात, सार्वजनिक हिताची अडचण असेल तरच नाही. अपील कलम १८ खाली, तीस दिवसांत, त्यामुळे ऑर्डर हातात पडलेली तारीख पाकिटासकट जपा.

लायसन्स मिळालंच तर आधी त्यावर यूआयएन, म्हणजे पोर्टलवरचा युनिक नंबर आहे का बघा, त्याशिवाय ते ग्राह्य धरलं जात नाही. मुदत आता पाच वर्षं आहे, जुन्या पुस्तकात तीन असतील. संपायच्या दोन महिने आधी रिन्यूअल टाका, आणि वडिलांची बंदूक धरून दोनपेक्षा जास्त हत्यारं तुमच्या नावावर होत असतील तर नवी घेऊ नका, २०१९ पासून मर्यादा दोनच आहे.