चाकरमान्यांचा पैसा आणि २००१ चा जुलै

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाट पाहणं कुणाला शिकवावं लागत नाही. हापूसचं कलम लावणारा पहिली काही वर्षं उत्पन्नाशिवायच काढतो. तरी बाजारात पैसे ठेवायचा विषय निघाला की इथली साठी-सत्तरीतली माणसं गप्प होतात. त्याचं कारण समजायचं तर मुंबईहून गावी आलेल्या पैशाकडे पाहायला हवं.

मनिऑर्डर आणि पोस्टातलं पासबुक इथे अनेक पिढ्या चाललं. १९८२ च्या गिरणी संपानंतर कितीतरी कामगार कायमचे गावी परतले. पुढे निवृत्त होऊन येणाऱ्यांच्या हातात फंड आणि ग्रॅच्युइटी असे. १९८६ ते जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर, १२ टक्के मिळत. १९८८ मध्ये आलेलं किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट होई. एवढं व्याज बिनधोक मिळायचं, म्हणून जोखमीचा विचार करायची गरज कुणाला भासली नाही.

या रांगेत युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची (यूटीआय) युनिट योजना १९६४ सुद्धा बसली. दहा रुपयांचं युनिट, दरवर्षी लाभांश, पाठीशी सरकारी संस्था. जुलैत खरेदीचा भाव सर्वात कमी, पुढे महिन्यागणिक चढता. त्यामुळे एजंट जुलैतच घरोघरी फिरत. लोकांनी ती पोस्टाच्या योजनेसारखीच मानून विकत घेतली. प्रत्यक्षात त्या पैशाचा मोठा भाग शेअरमध्ये होता, आणि युनिटचा भाव मालमत्तेवरून न ठरता संस्थाच जाहीर करत होती. १९९८ मध्ये राखीव निधी उणे झाल्याचं उघड झालं. सरकारने मदत केली, भाव मालमत्तेशी जोडावा अशी शिफारसही झाली, पण जोडणी लांबत गेली.

२ जुलै २००१ ला या युनिटची खरेदी-विक्री सहा महिने बंद झाली. निर्णयाच्या बाजूने सांगितलं जातं की त्याच वर्षी एप्रिल-मे या दोन महिन्यांत चार हजार कोटींहून अधिक रक्कम काढली गेली होती. दार बंद केलं नसतं तर उरलेल्यांच्या वाट्याला आणखी कमी आलं असतं. हिशेबाने ते खरं आहे. पण काढणाऱ्यांत मोठ्या कंपन्या आघाडीवर होत्या. त्यांना फुगवलेला भाव मिळाला आणि त्याची किंमत मागे राहिलेल्यांनी मोजली. ऐन लावणीच्या दिवसांत घरातली जमा अडकलेल्या निवृत्त माणसाला हा हिशेब पटावा, अशी अपेक्षा करणंच अन्याय्य होतं. ऑगस्टपासून ३००० युनिटपर्यंत दहा रुपयांनी परतफेड सुरू झाली, ती दरमहा दहा पैशांनी वाढत जाणारी. अखेर मे २००३ मध्ये ५००० युनिटपर्यंत बारा रुपये आणि त्यावरच्या युनिटला दहा रुपये, रोख किंवा ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे, असा पर्याय मिळाला.

मोठं नुकसान यानंतर झालं. मे २००३ मध्ये सेन्सेक्स ३,२०० च्या आसपास होता. रोख्यांची मुदत मे २००८ मध्ये संपली तेव्हा तो १६,००० च्या वर होता. त्या काळात इथली बरीच घरं बाजाराकडे पाठ फिरवून होती. दोष अपारदर्शक भावाचा होता, पण शिक्षा शेअरला झाली. नव्वदच्या दशकातल्या सागाच्या झाडांवर परतावा सांगणाऱ्या योजनांनीही हात पोळले होते, त्यामुळे संशयाला आणखी बळ मिळालं.

मग पैसा जमिनीत गेला. १९९८ मध्ये रेल्वे पूर्ण झाली होती, पुढे महामार्ग आणि प्रकल्पांच्या बातम्यांनी भाव चढले. पण सामायिक सातबाऱ्यावरची जमीन विकायची तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात, आणि दवाखान्याला पैसे लागतात तेव्हा त्या जमत नाहीत. जुलै २०२४ पासून जमीन-घराच्या विक्रीतल्या करपात्र दीर्घकालीन नफ्यावर महागाईची वजावट न देता १२.५ टक्के कर आला. त्याआधी घेतलेल्या मालमत्तेला वजावटीसह २० टक्क्यांचा पर्याय आहे.

आज पीपीएफवर ७.१ टक्के मिळतात आणि किसान विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. चिपळूण-कुडाळची तरुण मुलं मोबाईलवरून एसआयपी करतात, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम नियमित भरतात. त्यांच्या फंडाचं मालमत्ता मूल्य रोज संध्याकाळी जाहीर होतं, आणि तेच २००१ च्या आधी युनिटधारकांना कुणी सांगितलं नव्हतं.