सुई आणि शस्त्रक्रिया : फुप्फुसाच्या कर्करोगातील स्टेजिंगची पार्श्वभूमी

फुप्फुसात कर्करोगाची गाठ असल्याचे निश्चित झाल्यावर पुढील उपचारांची दिशा बहुतेक वेळा त्या गाठीपेक्षा छातीच्या मध्यभागातील लसिकाग्रंथींवरून ठरते. दोन फुप्फुसांच्या मधल्या भागात, म्हणजे मेडिआस्टिनममध्ये, गाठीच्याच बाजूच्या ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला असेल तर तो ‘एन 2’ आणि पलीकडच्या बाजूला गेला असेल तर ‘एन 3’ समजला जातो. पहिल्या स्थितीत केवळ शस्त्रक्रिया सहसा अपुरी पडते, तर दुसऱ्या स्थितीत ती करण्यात अर्थ उरत नाही. त्यामुळे स्टेजिंगसाठी, म्हणजे रोग कुठवर पसरला आहे हे ठरवण्यासाठी, छाती उघडण्यापूर्वी या ग्रंथींचा तुकडा किंवा पेशी हाती येणे आवश्यक ठरते. त्या कशा मिळवाव्यात, हा वाद वरकरणी सुई आणि सुरी यांच्यातला असला, तरी ‘कर्करोग आढळला नाही’ या अहवालावर कितपत विसंबावे, हाच त्याचा गाभा आहे.

सेंट लुईस येथे एव्हर्ट्‌स ग्रॅहॅम यांनी 1933 मध्ये कर्करोगग्रस्त फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढून दाखवले आणि या रोगावर शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला. मात्र छाती उघडल्यावरच रोग हाताबाहेर गेल्याचे कळावे, असे प्रसंगही त्यामागोमाग आले. 1949 मध्ये डॅनियल्स यांनी गळपट्टीच्या हाडामागील ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत मांडली, 1954 मध्ये हार्केन यांनी मानेतूनच लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पाहण्याचे उपकरण) आत सरकवला आणि 1959 मध्ये स्टॉकहोमचे एरिक कार्लेन्स यांनी मेडिआस्टिनोस्कोपीला, म्हणजे मानेतून नळी घालून मेडिआस्टिनम तपासण्याच्या शस्त्रक्रियेला, तिचे आजचे रूप दिले. कार्लेन्स हे मुळात कान-नाक-घसा तज्ज्ञ होते, हे जाता जाता नोंदवायला हवे.

ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन केली जाते. उरोस्थीच्या वरच्या खाचेजवळ सुमारे तीन सेंटीमीटरचा छेद घेतल्यावर शल्यविशारद श्वासनलिकेच्या पुढच्या पृष्ठभागालगत बोटाने वाट करतो आणि मग नळी आत घालतो. आतील एखादी शिर रंगाने ग्रंथीसारखीच दिसू शकते, म्हणून तुकडा घेण्याआधी बारीक सुई टोचून रक्त येते का, हे पाहण्याचा दंडक आहे. गंभीर गुंतागुंत क्वचितच होते. झालीच तर मोठ्या रक्तवाहिनीतून रक्तस्राव किंवा स्वरयंत्राच्या नसेला इजा होऊन आवाज बसणे, अशी तिची रूपे असतात. महाधमनीच्या डाव्या अंगाला असलेल्या ग्रंथींपर्यंत मात्र ही नळी पोहोचत नसे. त्यांच्यासाठी 1966 मध्ये मॅकनील आणि चेंबरलेन यांनी बरगडीजवळून जाणारी वेगळी वाट सुचवली. पुढे जपानचे नारुके यांनी 1978 मध्ये ग्रंथींचा क्रमांकवार नकाशा दिला. वेगवेगळ्या रुग्णालयांचे निष्कर्ष ताडून पाहणे त्यामुळेच शक्य झाले, म्हणून त्याचे महत्त्व मला एखाद्या नव्या उपकरणाहून कमी वाटत नाही.

सुईचा इतिहासही तितकाच जुना आहे. अर्जेंटिनाचे शिएपाती यांनी 1949 मध्येच श्वासनलिकेच्या भिंतीतून सुई घालून ग्रंथीतील द्रव्य घेतल्याचे नोंदवले होते आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस को-पेन वांग यांनी ही पद्धत पुन्हा पुढे आणली. पण सुई अंदाजाने टोचली जात असल्याने पेशी आल्या नाहीत, तर ग्रंथी निरोगी आहे की सुईच चुकली, हे सांगता येत नसे. सीटी स्कॅनने एक सेंटीमीटरहून मोठ्या ग्रंथी संशयित ठरवण्याचा निकष दिला, परंतु लहान ग्रंथीत रोग लपतो आणि क्षयासारख्या आजारातही ग्रंथी फुगते. पेशींची वाढलेली सक्रियता टिपणारा पेट स्कॅन अधिक संवेदनशील असला, तरी तोही याच कारणाने फसतो.

हे चित्र ध्वनिलहरींनी पालटले. सोनोग्राफीची जोड असलेल्या अन्ननलिकेतील दुर्बिणीतून सुई घालणे नव्वदच्या दशकात शक्य झाले होते. 2004 च्या सुमारास जपानमधील यासुफुकू आणि सहकाऱ्यांनी श्वासनलिकेतून ग्रंथी पडद्यावर पाहत सुई घालण्याची, ईबस या नावाने रूढ झालेली पद्धत प्रसिद्ध केली. सुई ग्रंथीत शिरताना प्रत्यक्ष दिसू लागली आणि तीही बहुधा मानेवर छेद न घेता, हलक्या गुंगीत.

2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्टर’ चाचणीत 241 रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली. थेट शस्त्रक्रियेने स्टेजिंग केलेल्या गटात संवेदनशीलता, म्हणजे ग्रंथींत रोग असलेल्यांपैकी ज्यांच्यात तो सापडला त्यांचे प्रमाण, 79 टक्के होती, तर आधी अन्ननलिका आणि श्वासनलिका अशा दोन्हींतील दुर्बिणींनी सुई घालून, काही न आढळल्यास मेडिआस्टिनोस्कोपी केलेल्या गटात ती 94 टक्के होती. अनावश्यक ठरलेल्या छातीच्या शस्त्रक्रियाही 18 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आल्या. पण केवळ सुईची संवेदनशीलता 85 टक्के होती, म्हणजे तिचा नकारात्मक अहवाल अजूनही पूर्ण भरवशाचा नव्हता. 2013 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी सुईला पहिले स्थान देताना संशय कायम असल्यास शस्त्रक्रियेने खात्री करण्यास सांगितले, ते याचमुळे.

ही खात्री प्रत्येकाला हवीच का, हा प्रश्न 2023 च्या ‘मेडिआस्ट’ चाचणीने घेतला. सुईत काही न आढळलेल्या 360 रुग्णांपैकी निम्म्यांची मेडिआस्टिनोस्कोपी वगळली, तेव्हा फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर अनपेक्षित एन 2 आढळण्याचे प्रमाण त्यांच्यात 8.8 टक्के आणि उरलेल्यांत 7.7 टक्के निघाले, म्हणजे फरक थोडाच होता. हा निष्कर्ष ग्रंथींची पद्धतशीर, एकेक स्थानक घेऊन तपासणी झालेल्यांपुरता आहे. घाईने एखाद्याच ग्रंथीत सुई घालून दिलेल्या अहवालाला तो लावणे धोक्याचे ठरेल. महाधमनीलगतच्या काही ग्रंथी तर आजही ईबसच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि तेथे संशय असल्यास छातीतील दुर्बिणीची शस्त्रक्रियाच करावी लागते.