ऐच्छिक विनावेतन रजा (विद्यापीठीय काटकसर)

विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात तूट आली की कर्मचाऱ्यांना आपणहून काही दिवस बिनपगारी रजा घेऊ द्यायची आणि त्या दिवसांचा वाचलेला पगार तुटीत वळता करायचा, या पद्धतीला ऐच्छिक विनावेतन रजा म्हणतात. बोलण्यात तिला ‘एलडब्ल्यूपी’ (लीव्ह विदाउट पे) म्हणतात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 च्या भाषेत ती ‘असाधारण रजा’ ठरते. दुसरी रजा शिल्लक असली तरी कर्मचाऱ्याने लेखी मागितल्यास ती देता येते आणि ऐच्छिक योजनेचा आधार हाच आहे.

दोन जवळचे उपाय वेगळे ओळखावे लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने सप्टेंबर 2009 पासून वर्षभर 11 ते 26 दिवसांची बिनपगारी रजा लावली आणि पगार 4 ते 10 टक्क्यांनी घटला. ज्याचा पगार जास्त, त्याचे दिवस जास्त. पण ती सक्तीची होती. महाराष्ट्र शासनाने मार्च 2020 च्या पगारात अ व ब वर्गाला आधी 50 टक्के आणि क वर्गाला 75 टक्के देऊन उरलेला पुढे ढकलला. तो पगार लांबवला होता, सोडला नव्हता.

पुण्यातल्या विद्यापीठात अशी योजना आखताना पहिला प्रश्न पगार कोणत्या खात्यातून निघतो हा असतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. शासनमान्य अनुदानित पदांचे वेतन राज्याच्या अनुदानातून येते. अशा पदावरचा प्राध्यापक दहा दिवस बिनपगारी राहिला, तर वाचलेली रक्कम विद्यापीठाच्या तिजोरीत येत नाही. शासनाकडून तेवढे अनुदान कमी येते, एवढेच. काम मात्र विभागातच पडून राहते. बचत होते ती परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम अशा स्वनिधीतून पगार घेणाऱ्यांच्या बाबतीत. खासगी विद्यापीठांत जवळपास सगळाच पगार शुल्कातून जातो, म्हणून तिथे हिशेब सरळ असतो. सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी बहुधा ठेकेदाराचे असतात. त्यांची पाळी कमी करणे ही रजा नव्हे, कंत्राटातली कपात आहे.

वेळ निवडणे अवघड. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, तर तूट नक्की कळते वर्षाच्या जमाखर्चाचे सुधारित अंदाज तयार होताना, म्हणजे हिवाळ्यात. जून ते ऑगस्ट प्रवेश, ऑक्टोबरपासून हिवाळी आणि एप्रिलपासून उन्हाळी परीक्षा. निवांत आठवडे थोडेच उरतात, आणि अर्ज येतात ते नेमके गणपती-दिवाळीचे. एका शाखेतले एक तृतीयांशाहून अधिक लोक एका वेळी रजेवर नसावेत, अशी अट सुरुवातीलाच घालावी. तीन माणसांच्या बिल शाखेत तपासणारा आणि सही करणारा एकाच दिवशी बाहेर गेले की पुरवठादारांची बिले अडतात.

एका दिवसाचा दर आधी ठरवून परिपत्रकात लिहावा. मासिक एकूण पगार 36,000 रुपये असेल आणि त्या महिन्याच्या दिवसांनी भागले, तर जानेवारीतला दिवस 1,161 रुपयांना पडतो आणि 28 दिवसांच्या फेब्रुवारीतला 1,286 रुपयांना. सव्वाशे रुपयांच्या या फरकावरून आस्थापना विभागात रांग लागते. योजनेपुरता 30 चा भाजक धरला की दिवस 1,200 रुपयांचा होतो आणि प्रश्न मिटतो.

याच पगाराची वेतनचिठ्ठी पाहू. भविष्यनिर्वाह निधी 1,800, व्यवसाय कर 200, पतसंस्थेचा हप्ता 9,000 आणि घरकर्जाचा हप्ता 14,000 वजा जाता हातात 11,000 उरतात. एकाच महिन्यात आठ दिवस घेतले तर 9,600 कापले जाऊन उरतात 1,400 रुपये. तेच दिवस महिन्याला दोन असे चार महिन्यांत घेतले तर दरमहा 8,600 राहतात. कपात बारा महिन्यांत वाटली तर महिन्याला फक्त 800 जातात, पण त्यासाठी कर्मचाऱ्याची लेखी संमती हवी आणि मध्येच नोकरी सोडल्यास उरलेली रक्कम कशी वसूल होणार तेही लिहिलेले हवे. इथे 15,000 च्या वेतनमर्यादेवर निधी कापला जातो. कापलेला पगारही त्या मर्यादेच्या वर राहिल्याने संस्थेचा 1,800 चा हिस्सा तसाच भरावा लागतो. बचतीच्या अंदाजात तो धरला की आकडा फुगतो.

सुट्ट्यांचा हिशेब तितकाच फसवा. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या कार्यालयात शुक्रवार आणि सोमवार अशी रजा जोडून घेतली तर मधले दोन दिवसही रजेतच मोजले जातात. दोन दिवसांच्या हेतूने अर्ज केलेला कर्मचारी चार दिवसांचा पगार गमावतो. हे अर्जाच्या नमुन्यावरच ठळक छापावे.

सेवेवरचे परिणाम रकमेपेक्षा लांबचे आहेत. वैद्यकीय कारणाविना घेतलेली असाधारण रजा वेतनवाढ व निवृत्तिवेतनाच्या हिशेबात सहसा धरली जात नाही. पुढच्या सहामाहीत जमा होणाऱ्या अर्जित रजेतून तिचा दहावा भाग वजा होतो: वीस दिवस घेतले तर दोन दिवस गेले. परिविक्षाधीन, म्हणजे अजून कायम न झालेल्या, कर्मचाऱ्याचा परिविक्षा कालावधी लांबू शकतो. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील अंशदान पगाराच्या टक्क्यांत असल्याने दोन्ही हिस्से घटतात. यातले जे स्वनिधीतील पदांपुरते माफ करता येईल, ते व्यवस्थापन परिषदेच्या ठरावात स्पष्ट लिहून घ्यावे. विभागप्रमुखाच्या तोंडी आश्वासनाला सेवापुस्तकात किंमत नाही.

अर्ज विभागप्रमुखांच्या शिफारशीने आस्थापना विभागात जातो, कुलसचिवांचा मंजुरी आदेश निघतो, प्रत वित्त विभागात जाते, पगारपत्रकात कपात होते आणि सेवापुस्तकात नोंद पडते. आदेश निघण्याआधी घरी बसलेला कर्मचारी हजेरीपटावर विनापरवानगी गैरहजर दिसतो, आणि ती नोंद नंतर दुरुस्त करायला महिने लागतात. पगारपत्रक साधारण 20 तारखेच्या सुमारास बंद होत असेल, तर त्यानंतरची मंजुरी पुढच्या महिन्यात वसूल होते. मार्चमधली वसुली नव्या वर्षात गेली की ज्या तुटीसाठी हे सारे केले, तिच्यात ती दिसतच नाही.

बचत खाऊन टाकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बदली माणूस. रजेवरच्या शिक्षकाचे तास तासिका तत्त्वावर दुसऱ्याला दिले की मानधन वेगळ्या लेखाशीर्षात, म्हणजे हिशेबाच्या दुसऱ्या खात्यात, पडते आणि वेतनाच्या शीर्षात मात्र बचत झळकते. साठ जणांनी सरासरी आठ दिवस, दिवसाला 1,200 रुपये, म्हणजे 5,76,000. त्यातून अशी मानधने वजा करून उरलेलीच खरी बचत.

‘ऐच्छिक’ हा शब्द अकरा महिन्यांच्या करारावरील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत कच्चा पडतो. नूतनीकरण ज्याच्या शिफारशीवर, त्याच विभागप्रमुखाकडे अर्जाचा कोरा नमुना असतो. म्हणून अशांचे अर्ज थेट आस्थापना विभागाने घ्यावेत, आणि कोणी अर्ज केला नाही याची विभागवार यादी कुणालाही देऊ नये.